कोऱ्या फाईलीपासून अकरा ओळींपर्यंत : ईमॅक्स नव्याने वापरणाऱ्यांसाठी

गणपतीला पंधरा दिवस असताना भाची लॅपटॉप घेऊन आमच्या रामबागेतल्या घरी आली. इंदूरलाच इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि यंदा मंडळाच्या वर्गणीचा हिशेब तिच्याकडे आहे. "मामा, ईमॅक्स बिघडलंय," म्हणाली. उघडून पाहिलं. पडदा काळाभोर, वरचा मेनू गायब, बटणांची पट्टी गायब, मधेच इशाऱ्याची एक खिडकी उघडलेली, आणि सेव्ह करायला काय दाबायचं हेच तिला कळेना. कुणीतरी मोठ्या हौसेने जमवलेली चारशे ओळींची कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची, फाईल तिने नेटवरून उतरवली होती आणि जशीच्या तशी चिकटवली होती.

"यातल्या एका तरी ओळीचं काम सांगता येईल?"

"नाही. पण सगळे म्हणतात, आधी कॉन्फिग नीट लावून घ्या, मग वापरा."

हा सल्ला उलटा आहे, आणि त्यापायी चांगली चांगली मुलं हे सॉफ्टवेअर आठवडाभरात सोडून देतात म्हणून मला त्याचं वाईट वाटतं. सेटिंग हे कशाचं तरी उत्तर असतं. प्रश्न पडायच्या आधीच चारशे उत्तरं हातात आली, तर त्यांचं नुसतं ओझं होतं. आपल्याकडे सकाळी पोह्याच्या दुकानावर काय होतं ते आठवा. वाफेवरचे पोहे सगळ्यांना सारखेच. शेव किती, कांदा किती, जिरावन किती, लिंबू हवं की नको, हे ज्याचं त्याने सांगायचं. इंदूरला पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला आपण आधी साधे पोहे चाखायला लावतो. दुसऱ्याच्या आवडीची प्लेट त्याच्या हातात ठेवत नाही.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ईमॅक्स हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम. त्यात प्रोग्रामिंग करतात, टिपणं ठेवतात, कामांच्या याद्या करतात, काही जण मेलही त्यातच वाचतात. फुकट मिळतो आणि मनासारखा बदलता येतो. हा "मनासारखा" शब्द इथे फार लांब जातो. इतर सॉफ्टवेअरमध्ये बनवणाऱ्याने जेवढी बटणं ठेवली तेवढंच बदलता येतं. ईमॅक्सचा गाभा सी भाषेत आहे आणि बाकीचा बहुतेक डोलारा ईमॅक्स लिस्प नावाच्या भाषेत. ती भाषा चालत्या प्रोग्रामच्या आत आपल्यालाही उपलब्ध असते. म्हणजे सेटिंगची फाईल हीसुद्धा एक प्रोग्रामच.

याचा जन्मच मुळी अति बदलांच्या गोंधळातून झाला, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीच्या आर्टिफिशियल इंटेलिजन्स लॅबमध्ये टेको नावाचा एडिटर वापरत. त्यात मॅक्रो, म्हणजे अनेक आज्ञा एकत्र बांधलेले छोटे प्रोग्राम, लिहायची सोय होती, म्हणून जो तो आपापल्या सोयीच्या कीज बनवू लागला. होता होता अशी वेळ आली, की एकाच्या जागेवर दुसरा बसला तर त्याला काम करता येईना. मग गाय स्टील यांनी हे सगळे मॅक्रो गोळा करून एक सामाईक संच ठरवायला घेतला, रिचर्ड स्टॉलमन त्यात आले आणि त्यांनी ते पुरं केलं. १९७६ साली तयार झालेला तो संच म्हणजे पहिला ईमॅक्स. "एडिटिंग मॅक्रोज" यावरूनच ते नाव पडलं. आज आपण वापरतो तो ग्नू ईमॅक्स स्टॉलमन यांनी नव्याने लिहिला, १९८५ मध्ये तो बाहेर आला.

म्हणून कोरा ईमॅक्स, कुठलीही सेटिंग न केलेला, हा अर्धवट सोडलेला माल नाही. कुणीही कुणाच्याही जागी बसून काम करू शकेल यासाठीच तो मुळात ठरवला गेला. भाचीची फाईल मी बाजूला काढून ठेवली, पुसली नाही. होम फोल्डरात डॉट ईमॅक्स डॉट डी नावाचा फोल्डर असतो, त्यात इनिट डॉट ईएल नावाची फाईल; तिचं फक्त नाव बदललं. ईमॅक्स पुन्हा सुरू केला. मेनू परत आला, बटणं परत आली, पांढरा पडदा आला. तिचा चेहरा पडला. "हे किती जुनाट दिसतं, मामा!"

दिसतं खरं. पण तो मेनू घालवू नका असं मी तिला निक्षून सांगितलं. नेटवरच्या बहुतेक कॉन्फिगांत पहिल्या दोन-तीन ओळी मेनू आणि टूलबार लपवण्याच्याच असतात. ज्याला सगळ्या कीज पाठ आहेत त्याचं ठीक आहे, पण नव्या माणसासाठी तो मेनू म्हणजे भिंतीवरचा तक्ता आहे: ज्या कामाला की आहे त्याच्यापुढे ती लिहिलेली असते. रोज मेनूतून सेव्ह करता करता पाचव्या दिवशी बोटं आपोआप कंट्रोल-एक्स कंट्रोल-एस दाबतात. वेगळं पाठांतर लागत नाही.

पहिल्या बैठकीत शिकवायच्या गोष्टी फार नाहीत. कंट्रोल-जी म्हणजे "थांब, सोड". कुठेही अडकलात, खाली काही विचारणा होत असेल, तर कंट्रोल-जी, गरज पडली तर दोन-तीनदा. कंट्रोल आणि तिरकी रेघ म्हणजे झालेलं उलटवा. कंट्रोल-एक्स कंट्रोल-सी म्हणजे बाहेर. नव्या जागी गेल्यावर आपण आधी दार कुठे ते पाहून ठेवतो, तसंच हे. आणि शब्दांचा घोळ सांगून टाकायचा. आपण ज्याला खिडकी म्हणतो त्याला इथे फ्रेम म्हणतात, आणि फ्रेमच्या आतल्या कप्प्यांना विंडो. कटला किल म्हणतात, पेस्टला यँक. जुन्या पुस्तकांत मेटा नावाची की येते, ती आपल्या कीबोर्डवरची ऑल्ट. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्हीची सवय जगभर पसरायच्या आधीच ईमॅक्सच्या कीज ठरल्या होत्या, म्हणून हा फरक. ज्याला तो सोसत नाही त्याने ऑप्शन्स मेनूत सीयूए कीजपुढे खूण करावी आणि कॉपी-पेस्ट नेहमीसारखं करावं. काही जुने लोक याला नाकं मुरडतात. मला त्यात काहीच कमीपणा वाटत नाही. फक्त खूण केल्यावर त्याच मेनूतलं सेव्ह ऑप्शन्स दाबायचं, नाहीतर बदल त्या बैठकीपुरताच राहतो आणि दुसऱ्या दिवशी "सेटिंग उडाली" अशी तक्रार येते.

आता जरा आत शिरू, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. ईमॅक्समध्ये की दाबली की अक्षर उमटतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक की एका कमांडला बांधलेली असते आणि दाबल्यावर ती कमांड चालते. साधं "ए" दाबलं तरी "दाबलेलं अक्षर इथे घाल" अशा नावाची कमांडच चालते. की, कमांड, आणि कमांड ज्याच्याकडे पाहून वागते ते व्हेरिएबल, या तीनच वस्तू. सेटिंग करणं म्हणजे एक तर की दुसऱ्या कमांडला बांधणं, नाही तर व्हेरिएबलची किंमत बदलणं. चारशे ओळींतल्या बहुतेक ओळी याच दोन प्रकारच्या असतात.

आणि या तिन्हींबद्दल ईमॅक्सलाच विचारता येतं. कंट्रोल-एच दाबून के, मग कुठलीही की: ती की काय करते हे समोर येतं. कंट्रोल-एच व्ही आणि व्हेरिएबलचं नाव: त्याची आत्ताची किंमत, मूळ किंमत आणि माहिती. कंट्रोल-एच एफ म्हणजे फंक्शनची माहिती, आणि कमांड हेही एक फंक्शनच. कंट्रोल-एच टी दाबलं की हाताने करून पाहायचा पहिला धडा उघडतो, तो तासाभरात होतो आणि तो टाळू नये. मदत करायला बसलेल्यांना माझी कळकळीची विनंती आहे: शिकणाऱ्याने "ही की काय करते?" असं विचारलं तर उत्तर देऊ नका. "कंट्रोल-एच के दाबून बघ" म्हणा, आणि कीबोर्ड त्याच्याकडेच राहू द्या. पहिल्या दिवशी हे रुक्ष वाटतं. पण तुम्ही घरी गेल्यावर रात्री अकरा वाजता तो जेव्हा अडकतो, तेव्हा त्याच्याजवळ तुम्ही नसता, कंट्रोल-एच असतं.

भाचीचा पहिला खरा प्रश्न तिसऱ्या दिवशी आला. वर्गणीची यादी साध्या टेक्स्ट फाईलीत होती: नाव, मग टॅब, मग रक्कम. नाव छोटं असलं तर रक्कम जवळ येई, नाव लांब असलं तर पुढच्या रकान्यात जाई, आणि आकडे वाकडेतिकडे दिसत. टॅबची रुंदी ठरवणारं व्हेरिएबल टॅब-विड्थ, आणि त्याची मूळ किंमत ८. हे तिने तिचं तिनेच कंट्रोल-एच व्हीने शोधलं होतं. मला फार बरं वाटलं. किंमत २४ केली की प्रत्येक नाव एका रकान्यात मावेल, हा तिचा हिशेबही बरोबर होता.

सेटिंग फाईलीत लिहायच्या आधी तालीम करून बघायची सोय ईमॅक्समध्ये आहे. सुरू झाल्यावर जो स्क्रॅच नावाचा बफर दिसतो (उघडलेल्या मजकुराला इथे बफर म्हणतात) त्यात ओळ लिहायची, शेवटच्या कंसानंतर कर्सर ठेवायचा आणि कंट्रोल-एक्स कंट्रोल-ई दाबायचं. ओळ तिथल्या तिथे लागू होते. पसंत नसेल तर ईमॅक्स बंद करून उघडा, सगळं पूर्ववत. तिने तसंच केलं. कंस, सेट-क्यू (व्हेरिएबलला किंमत देणारा शब्द), टॅब-विड्थ, २४, कंस बंद. खाली २४ उमटलं. वर्गणीची यादी उघडली, तर रकाने तसेच वाकडे. पुन्हा केलं, तेच. "ऐकतच नाही हा," म्हणाली.

ऐकत होता. तिला मी स्क्रॅचमध्ये उभं राहून कंट्रोल-एच व्ही करायला सांगितलं. तिथे किंमत २४, आणि खाली लिहिलेलं की ही किंमत फक्त या बफरची आहे. मग यादीच्या बफरमध्ये जाऊन तेच केलं. तिथे ८. त्याच पानावर आणखी एक वाक्य होतं, की या व्हेरिएबलला किंमत दिली की ते आपोआप त्या बफरपुरतं होतं.

नव्या माणसाचे सर्वांत जास्त तास खाणारी जागा हीच, म्हणून इथे थांबतो. ईमॅक्समधल्या किमती थरांनी असतात. सगळ्यांत खाली सर्वांना लागू असलेली किंमत. तिच्यावर मोडची किंमत. मोड म्हणजे त्या प्रकारच्या फाईलीसाठीची वागणूक, सी प्रोग्रामसाठी वेगळी, साध्या मजकुरासाठी वेगळी. त्याच्याही वर एखाद्या फाईलीची स्वतःची किंमत. वरच्या थरात काही नसेल तर खालचं लागू होतं, वर काही असेल तर खालचं झाकलं जातं. आपल्या घरांत चहात साखर दोन चमचे हा नियम असतो, आजोबांच्या कपात बिनसाखरेचा हा त्यावरचा नियम. नियम मोडलेला नसतो, झाकलेला असतो. तिच्या सेट-क्यूने फक्त स्क्रॅचच्या कपात साखर घातली होती.

सर्वांसाठीची किंमत बदलायला सेट-क्यू-डीफॉल्ट लागतं. तिने ते लावलं आणि यादीतले रकाने एका रेषेत उभे राहिले. खूश होऊन तिने आपला कॉलेजचा सी प्रोग्राम उघडला, आणि त्यातल्या टॅबने आत सरकवलेल्या ओळी पार उजवीकडे पळाल्या. मला हे होणार हे माहीत होतं, आणि मी मुद्दामच आधी सांगितलं नाही. काही सेकंद ती पडद्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे हे फक्त यादीसाठीच हवं होतं."

त्यासाठीच तिसरा थर आहे. फाईलीच्या पहिल्या ओळीत, उणे-चांदणी-उणे अशा दोन खुणांच्या मध्ये, टॅब-विड्थ, मग कोलन (अपूर्णविराम), मग २४ असं लिहिलं की ती फाईल उघडताना ईमॅक्स ते वाचतो आणि त्या फाईलीपुरतं पाळतो. इनिट फाईलीत एकही ओळ वाढली नाही. नवी सेटिंग सुचली की ती कुठल्या थरातली आहे हे आधी स्वतःला विचारायचं, ही सवय तिला या एका टॅबने लागली. चारशे ओळी चिकटवून ती लागली नसती.

कीजचंही असंच असतं. एकच की सर्वांसाठीच्या तक्त्यात एक काम करते, मोडच्या तक्त्यात दुसरं, आणि जोडीला चालू केलेल्या छोट्या मोडच्या तक्त्यात तिसरं. सर्वांत वरचा तक्ता जिंकतो. "मी बांधलेली की चालत नाही" या तक्रारीत बहुधा वरचा कुठला तरी तक्ता आडवा आलेला असतो. कंट्रोल-एच के तेही सांगतं.

मग त्या चारशे ओळींचं काय झालं होतं? ईमॅक्स ती फाईल वरून खाली वाचतो आणि एरर आली की तिथेच वाचन सोडतो. मेनू लपवणाऱ्या ओळी सर्वांत वर होत्या, त्या लागू झाल्या. पुढे कुठेतरी एरर आली, आणि खालच्या कीज, खालच्या सोयी आल्याच नाहीत. लपवायचं तेवढं लपलं, द्यायचं ते मिळालं नाही. अर्धी फाईल लागू झालेला ईमॅक्स नव्या माणसाला वेड लावतो.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे दोष ईमॅक्सचा की आपल्या फाईलीचा हे ठरवणं. ईमॅक्स सुरू करताना उणे आणि मोठा क्यू जोडला की तो आपली फाईल न वाचता कोरा उघडतो. तिथे अडचण दिसत नसेल तर दोष फाईलीत. डीबग-इनिट हा पर्याय देऊन सुरू केलं तर एरर नेमकी कुठून आली याचा माग दिसतो, पण तो वाचायला थोडा सराव लागतो. ज्याला तो नाही त्याच्यासाठी निम्मे करण्याची पद्धत आहे. अर्ध्या ओळींच्या पुढे अर्धविराम घालून त्या बंद करायच्या. लिस्पमध्ये अर्धविरामानंतरचं ईमॅक्स वाचत नाही. एरर गेली तर दोष बंद केलेल्या अर्ध्यात, राहिली तर उरलेल्या अर्ध्यात. मग त्याचे अर्धे. चारशे ओळी असल्या तरी फार तर ९ वेळा. फक्त तोडताना कंस मधून तुटू देऊ नका. आम्ही सहाव्या खेपेलाच पोचलो: तिच्या मशीनवर कधी बसवलंच नव्हतं असं एक पॅकेज, म्हणजे ईमॅक्सला वरून जोडायचा भाग, ती ओळ मागत होती.

पॅकेजांबद्दल माझं मत कडक आहे. पहिला महिना शक्यतो एकही नको. दोन गोष्टी मात्र सोडून. एक व्हिच-की: एखादी की दाबून थांबलात तर पुढे काय काय दाबता येईल याची यादी खाली दाखवतं. २०२५ मध्ये आलेल्या ईमॅक्स ३० पासून ते आतच असतं, फक्त चालू करायचं. दुसरं यूज-पॅकेज, जे २०२३ च्या ईमॅक्स २९ पासून आत आहे. एका पॅकेजची सगळी सेटिंग एका जागी बांधून ठेवता येते. पॅकेज घेऊ लागलात की ते लागेल. डूम किंवा स्पेसमॅक्ससारखे तयार संच वाईट नाहीत, त्यांवर खूप मेहनत झालेली आहे. पण त्यांच्यात काही बिघडलं तर ते ईमॅक्सचं, संचाचं की आपलं, हे नवख्याला ओळखता येत नाही. महिनाभर कोरा वापरून मग ते घेतले तर खुशाल घ्या.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायची आहे, कारण ती इंग्रजी मार्गदर्शकांत सहसा नसते. ईमॅक्स २७ पासून, म्हणजे २०२० पासून, अक्षरं जुळवायला हार्फबझ नावाची लायब्ररी वापरतात, त्यामुळे जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट दिसतात. तरी काना-मात्रा विचित्र दिसल्या तर सगळा फॉन्ट बदलू नका. फक्त देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट ठरवणारी एक ओळ पुरते. टायपिंगची सोय आतच आहे: इनपुट मेथड म्हणून देवनागरी-इन्स्क्रिप्ट निवडायची आणि कंट्रोल व उलटी तिरकी रेघ दाबून मराठी-इंग्रजी ये-जा करायची. भाची "क्षि" खोडत होती आणि बॅकस्पेस एकदा दाबून ते जाईना. तिला वाटलं फॉन्ट बिघडला. बॅकस्पेस एकेक घटक खोडतं: आधी वेलांटी, मग ष, मग हलन्त, मग क, असे चार. कर्सर अक्षराच्या अलीकडे ठेवून डिलीट दाबलं तर अख्खं अक्षर एकदम जातं. दोन्हींचा उपयोग आहे. वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ करायची असेल तर बॅकस्पेसच सोयीचं.

विसर्जनापर्यंत तिची इनिट फाईल अकरा ओळींची झाली. देवनागरी फॉन्ट, इन्स्क्रिप्ट, व्हिच-की, मेनूतून केलेल्या सेटिंग वेगळ्या फाईलीत जाव्यात म्हणून एक ओळ, आणि अशाच काही. प्रत्येकीच्या वर अर्धविराम देऊन तारीख आणि मराठीत कारण लिहिलेलं: "ओळ क्रमांक नसल्याने प्रोग्रामातली चूक सापडत नव्हती." काळा पडदाही तिने घेतला, आत असलेल्या रंगसंगतींतून निवडून, वरचं कारण "आवडतो म्हणून", आणि तेही पुरेसं आहे. वर्गणीच्या रकान्यांची सेटिंग या अकरांत नाही. ती यादीच्याच पहिल्या ओळीत बसलेली आहे, आणि पुढच्या वर्षी हिशेब ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे यादीबरोबर तीही जाईल.